शेवटच्या बाकावरच्या अक्का

२३ एप्रिल १९९८. आज गिरणी बंद. दगडांना टाकी लावायला माणूस आला आहे आणि सकाळपासून छिन्नीचा ठणठणाट चालू आहे. लग्नसराईत गिरणी बंद ठेवणं परवडत नाही, पण गेला आठवडाभर पीठ भरड येत होतं आणि बायका डबा उघडून बोटांनी पीठ चोळत माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. त्याचं काम संपेपर्यंत मला ओट्यावर बसून राहण्यावाचून दुसरं काम नाही, म्हणून पाळकसाहेबांचं काम हाती घेतलं.

चर्चच्या स्मरणिकेसाठी त्यांना शेवंताअक्कांवर दोन पानं हवी आहेत. अक्कांच्या बायबल अभ्यासाच्या गटात मी पहिल्यापासून होते, तेव्हा त्यांच्यामुळे आपण विश्वासात कसे वाढलो ते लिहा, वाचणाऱ्यांना स्फूर्ती मिळेल, असं ते म्हणाले. अक्कांना जाऊन दोन महिने झाले. स्फूर्ती हा शब्द त्यांच्यासमोर कोणी काढला असता तर त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं. मला दोन पानांत बसवता येईल असं वाटत नाही, आणि स्फूर्तीचं मुळीच सांगता येत नाही. त्यांच्या गटातून मी घरी यायचे ती बहुतेक वेळा दमूनच.

अक्का सरकारी नर्स होत्या. सगळी नोकरी सोनगीरच्या बाजूच्या खेड्यांत गेली. त्या काळात तिकडे बाळंतपणं घरातच व्हायची आणि अक्का पायी जायच्या. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायच्या, वेळ कुठे होता. रिटायर झाल्यावर धुळ्याला देवपुरात दोन खोल्या घेतल्या, दोन कोंबड्या पाळल्या आणि आमच्या गिरणीवर दळण आणू लागल्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, केस पार पांढरे, आणि हात मात्र पुरुषासारखे मोठे. समोरच्या माणसाचं तोंड बघण्याआधी त्या त्याची नखं बघायच्या.

शहाऐंशी साल असेल. दळण घेताना त्यांनी मला विचारलं, गुरुवारी दुपारी तुझ्याकडे वीज नसते ना? म्हटलं, नसते. मग ये चारला, म्हणाल्या. काय करायला, ते सांगितलं नाही. मी जन्माने ख्रिस्ती. म्हणजे नाताळाला नवी साडी, उत्तम शुक्रवारी उपास आणि कुणी वारलं की मातीला हजेरी. घरात बायबल होतं, ते लग्नातल्या शालूबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. मी गेले ती केवळ घरी वीज नव्हती म्हणून.

गेल्या गेल्या त्यांनी मला मोरीवर नेलं आणि साबण हातात दिला. कोपरापर्यंत धू, म्हणाल्या. सगळेच धुवून बसले होते. मला वाटलं काही सोवळ्याचा प्रकार आहे. विचारलं तर म्हणाल्या, बाळंतपणाला हात लावायच्या आधी धुते, मग याला का नको? त्यापलीकडे त्यामागे काही नव्हतं. पण हात धुतल्यावर माणूस पुस्तकाला जपून हात लावतो, हे खरं.

गटात चारपाच जण असायचे, दर वेळी एकेकाच्या घरी जमायचे. त्यात कायमचे म्हणजे साळवे भाऊसाहेब, एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. अक्कांचे नियम थोडेच होते. चहा द्यायचा, चहाबरोबर काही द्यायचं नाही. आधीचा एक गट खाण्यावरून मोडला होता. एकीने भजी केली, दुसरीने पुढच्या वेळी गुलाबजाम केले, तिसरीने मटण पुलाव केला आणि चौथी आजारी पडली. दुसरा नियम, एका आठवड्याला एकच उतारा. तो आळीपाळीने वाचायचा आणि मग प्रत्येकाने सांगायचं, इथे काय लिहिलंय, यातलं मला काय टोचलं आणि येत्या आठवड्यात मी काय करणार. भाषण करायचं नाही. दुसऱ्याने काय करावं हे तर मुळीच सांगायचं नाही. पुढच्या गुरुवारी हात धुऊन बसलं की अक्का एकेकाकडे बघून विचारायच्या, झालं का? नाही झालं तर नाही झालं. त्या रागवत नसत. पण पुढच्या गुरुवारी परत विचारत, आणि त्याच्याही पुढच्या.

तिसरा नियम प्रार्थनेचा. आपल्या हातांनी होण्यासारखं असेल ते देवाकडे मागायचं नाही.

भाऊसाहेबांना हा नियम फार जड गेला. त्यांची प्रार्थना म्हणजे देवाला आठवड्याच्या बातम्या असत. भुसावळला कुणाचं ऑपरेशन झालं, दीपनगरच्या कॉलनीत भाचीला वीजकेंद्राच्या राखेचा त्रास कसा होतो, पुतण्याची बदली कशी अडली. एकदा ते असेच रंगात आले होते, तेव्हा अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या, "भाऊ, त्याले बठ्ठं माहीत शे. तुमचं काय ते सांगा." भाऊसाहेब एकदम थांबले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की रिटायर झाल्यापासून घरात कोणी त्यांचं ऐकत नाही. तेवढंच. आमेन म्हणायलाही विसरले.

आम्ही मार्कापासून सुरुवात केली होती. त्यात ती गोष्ट आहे, चौघं जण पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात आणि गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. भाऊसाहेब म्हणाले की छप्पर उकरणं कसं शक्य आहे, कौलं काढताना केवढा आवाज होईल. अक्का म्हणाल्या, कौलं कुठली, सोनगीरकडे असतं तसं धाबं असेल. लाकडं, काड्या आणि वर माती. घरमालकाला मात्र पावसाळ्याआधी परत लिंपावं लागलं असेल. ते कोणी केलं, ते लिहिलेलं नाही. मला त्या घरमालकाचंच वाईट वाटू लागलं. तेव्हा माझ्या सासूला अंथरुणाला खिळून वर्ष होत आलं होतं. हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक, पाळ्या कधीही. गिरणी, स्वयंपाक, सासूचं सगळं बाजेवर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले की मला यातलं काही टोचत नाही. मला चौघं नाहीत, मी एकटी आहे, आणि प्रार्थनाही होत नाही, कारण डोळे मिटले की झोप लागते.

मला वाटलं आता कोणीतरी एखादं वचन सांगेल. अक्कांनी पुढच्या माणसाकडे बघितलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीचा पट्टा चढवत होते, तर अक्का दारात. पदर खोचलेला, हातात साबण. मला काही न विचारता आत गेल्या, सासूला कुशीवर वळवलं, पाठीवरच्या जखमा बघितल्या, पाणी तापवायला सांगितलं. सासूने आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही, अक्कांचं ऐकलं. अक्का जाताना मला म्हणाल्या, रोज येईन, तू तेवढा वेळ झोप. प्रार्थना नको करू. आणि सासू जाईपर्यंत त्या येत राहिल्या. मी खरंच झोपायचे. पाळकसाहेब विश्वासात वाढणं म्हणतात ते माझ्याबाबतीत कुठे सुरू झालं असेल तर त्या झोपेत, असं मला वाटतं. पण हे स्मरणिकेत कसं लिहायचं?

मार्क संपलं आणि मत्तय घेतलं. त्यात डोंगरावरच्या प्रवचनात शांती करणाऱ्यांबद्दल आहे. तोवर आमच्यात करुणा आली होती, नुकतं लग्न होऊन नंदुरबारकडून आलेली, जेमतेम विशीतली. त्या आठवड्यात भाऊसाहेबांनी सांगितलं की शेजारच्या पाटलांशी बोलेन. हे पाटील चोपड्याकडचे, केळीवाले, मुलांच्या शिक्षणासाठी धुळ्यात घर केलेले. दोन घरांत एक नळ आणि त्याच्यावरून अबोला. पुढच्या गुरुवारी अक्कांनी विचारलं, झालं का? भाऊसाहेब म्हणाले, पाटील गावी गेले होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाले, पाटलांकडे पाहुणे होते. त्याच्याही पुढच्या गुरुवारी म्हणाले, मी विचार केला, योग्य वेळ यायला हवी. त्या दिवशी गट त्यांच्याच घरी होता. अक्का म्हणाल्या, पाटलांचं घर कुठलं? हेच ना? मग आम्ही बसतो. भाऊसाहेबांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, जा की. ते गेले. आमचा चहा गार झाला. बऱ्याच वेळाने परत आले ते पायजम्याचे दोन्ही पाय भिजवून. नळ आला होता आणि पाटलांच्या म्हाताऱ्या आईला एकटीला हंडे उचलवत नव्हते. बोललात काय, विचारलं तर म्हणाले, काही नाही, हंडा धरा म्हटलं. अक्का इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मी त्यांना तसं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

आता ते सांगायला हवं, जे चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक पुढे जातात, गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात. अक्का जात नसत. शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला, हात मांडीवर ठेवून बसून राहत. दर महिन्याला. जुन्या पाळकांनी विचारून पाहिलं होतं, नव्यांनीही विचारलं. अक्का म्हणत, माझं काम राहिलंय. इतरांचं आपलं ठरलेलं होतं, बाई चांगली आहे पण काहीतरी आहे.

मत्तयातल्या त्या प्रवचनात पुढे येतं की, तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तो उतारा ज्या गुरुवारी आला, त्या गुरुवारी अक्कांनी वाचला आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, चाळीसगावला माझा भाऊ आहे, दाऊद. रेल्वेत होता. आमची आई तिथेच गेली. मला तार आली, मी पोचले तोवर त्याने माती देऊन टाकली होती. माझ्यासाठी थांबला नाही. मी ओल्या मातीचा ढीग बघून परत फिरले, त्यानंतर त्याच्याशी बोलले नाही. हे मला टोचतं. येत्या आठवड्यात मी जाईन असं मला म्हणता येत नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळ्यांना विचारलं. करुणाला गटाच्या जुन्या रीतीभाती माहीत नव्हत्या. तिने सरळ विचारलं, "अक्का, आणि तुमचं? झालं का?" अक्का म्हणाल्या, "नाही झालं. पुढचं वाचा."

तेव्हापासून तसाच पायंडा पडला. दर गुरुवारी त्या आधी स्वतःचं सांगायच्या, नाही झालं, आणि मग आम्हाला विचारायच्या. मत्तय संपलं, लूक संपलं, करुणाला एक मुलगी झाली, तरी तेच. सुरुवातीला मला अवघड वाटायचं. ज्या बाईने आम्हाला वाट दाखवायची तिनेच दर आठवड्याला नापास झाल्याचं सांगायचं, हे काय? पण त्याचा एक परिणाम झाला. आम्ही बाकीचे थापा मारायच्या थांबलो. भाऊसाहेबांचे पाहुणे बंद झाले. करुणाने एक दिवस सांगितलं की तिला सासूचा राग येतो आणि पोळ्या ती मुद्दाम जाड लाटते. मी सांगितलं की मला देव आहे असं रोज वाटत नाही, आठवड्यातून एखाद्या दिवशी वाटतं. कोणी दचकलं नाही. अक्का म्हणाल्या, कोणत्या दिवशी? मी विचार करून म्हटलं, शुक्रवारी. त्या म्हणाल्या, मग शुक्रवारी लवकर उठत जा.

आणि मग आम्ही चूक केली. आम्ही म्हणजे भाऊसाहेब, करुणा आणि मी. पीकसणाला शेतातलं काहीबाही चर्चमध्ये आणतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी सण नेमका पहिल्या रविवारी आला. भाऊसाहेबांच्या डोक्यात आलं की दाऊदभाऊंना पाहुणे म्हणून बोलवावं. बहीण-भाऊ समोरासमोर आले की सगळं सुरळीत होईल, प्रभुभोजनही बरोबरच होईल. आम्हा दोघींनाही पटलं. चाळीसगावला जाऊन भाऊसाहेब बोलावणं करून आले. अक्कांना सांगायचं नाही असं ठरलं. दुसऱ्याने काय करावं हे सांगायचं नाही, हा नियम तिघांनाही पाठ होता.

दाऊदभाऊ आले. उंच, वाकलेले, पांढरा सदरा, खांद्यावर केळीचा घड. पुढच्या बाकावर बसले. अक्का शेवटच्या बाकावर होत्या, त्यांना भावाची पाठ दिसली असणार. प्रभुभोजनाला दाऊदभाऊ इतरांबरोबर पुढे गेले, गुडघे टेकले, घेतलं, परत येऊन बसले. मी वळून अक्कांकडे बघितलं आणि परत बघितलं नाही. उपासना संपल्यावर दाऊदभाऊ अक्कांपाशी आले, कशी शेस, म्हणाले. बरी शे, म्हणाल्या आणि घरी गेल्या. केळीचा घड लिलावात भाऊसाहेबांबरोबर आलेल्या पाटलांनी घेतला.

त्या गुरुवारी अक्का आल्या, हात धुतले, पण बसल्या नाहीत. मोरीच्या दारात उभ्या राहून बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

"बाई कळा देत असते तेव्हा घरचे बाहेर बसतात. बसावं लागतं. आत येऊन पोर ओढत नाहीत. तुम्ही ओढायला आलात."

भाऊसाहेब काही म्हणायला गेले, त्यांना हातानेच थांबवलं आणि निघून गेल्या. मग किती तरी गुरुवार आल्या नाहीत. आम्ही जमायचो. वाचायचो, सांगायचो, कोणी कोणाला झालं का विचारायचं नाही. एकदा तर कोणीतरी भजी केली आणि आम्ही खाल्ली. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दार उघडं असायचं, बस म्हणायच्या, कोंबड्यांबद्दल बोलायच्या. माफ करा म्हटलं तर म्हणाल्या, केलं, चहा घे. पण आल्या नाहीत. गट मोडल्यात जमा होता. मी तर गुरुवारी दुपारी गिरणीच्या चाळण्या झटकायला काढू लागले होते.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका गुरुवारी त्या परत आल्या. जणू मध्ये काही झालंच नाही. हात धुतले, बसल्या, म्हणाल्या, नाही झालं, पुढचं वाचा. करुणा रडली. तिला त्यांनी रडू दिलं आणि वाचायला तिलाच सांगितलं.

यानंतर दोनेक वर्षं गेली असतील. एका गुरुवारी सगळे उठल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, शनिवारी गिरणी बंद ठेवशील का, चाळीसगावला जायचंय. मी विचारलं, भाऊ आजारी आहेत का? नाही, म्हणाल्या, ठणठणीत आहे. मग आताच काय? त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, अजून एक वर्षाने मला पॅसेंजरच्या पायऱ्या चढता येणार नाहीत. मग मी म्हणेन, गुडघ्यांमुळे राहिलं. आणि तुम्ही लोक ते खरं मानाल.

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. गेल्या वर्षीचा एप्रिल नुकताच लागला होता, खिडकीतून धूळ आणि ऊन. अक्कांनी पिशवीत पाण्याची बाटली आणि रुमाल, एवढंच घेतलं होतं. संध्याकाळच्या गाडीने परत यायचं होतं. वाटेत फक्त एकदा बोलल्या. मध्ये बोलू नको, म्हणाल्या. पाणी मागितलं तर दे.

दाऊदभाऊंचं घर स्टेशनापासून जवळच. वहिनींनी दार उघडलं, बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं. दाऊदभाऊ खाटेवर बसून पेपर वाचत होते. अक्का समोरच्या खुर्चीवर बसल्या. एरवी बहुतेक शुद्ध बोलणाऱ्या अक्का भावाशी मात्र घरच्या बोलीत बोलल्या. मी ते तसंच लिहिते; त्यात उनू म्हणजे आले, काबर म्हणजे का.

"दाऊद, मी तुन्हावर राग धरेल शे. मायले मन्हाबिगर माती दिधी तू. तो राग मी सोडाले उनू, पन तो सुटत नही."

दाऊदभाऊंनी पेपराची घडी केली, ती अजून लहान केली. मग म्हणाले की तार सोनगीरला सकाळी पोचली हे मला पोस्टातून कळलं होतं. उन्हाळा होता, बर्फ नव्हता, लोक खोळंबले होते. तरी मी दुपारपर्यंत थांबलो. दुपारची गाडी आली, तू त्यात नव्हतीस.

"तू काबर नही उनी?"

म्हणजे इतकी वर्षं त्यांच्याही मनात होतं. अक्कांना ते माहीत नसावं, कारण त्या पहिल्यांदाच अडखळल्या. मग सांगितलं. तार आली तेव्हा त्या खेड्यात एका बाईजवळ होत्या. पोर आडवं होतं, दुसरं कोणी नव्हतं. तार वाचून ब्लाउजमध्ये ठेवली आणि परत हात धुतले. पोर झालं, बाई जगली, तोवर गाडी गेली होती.

"सोडी येती ते ती बाई मरी जाती," अक्का म्हणाल्या.

"हाई माले कधी सांगं तू?"

"तू कधी इचारं?"

वहिनींनी चहा आणला. मला वाटलं आता कोणीतरी रडेल, पण दाऊदभाऊ बशीत चहा ओतून प्यायले आणि म्हणाले की मला वाटलं होतं, हिला मायपेक्षा नोकरी मोठी. अक्का म्हणाल्या, मला वाटलं, याला माझी गरज नाही. त्या हे अशा आवाजात म्हणाल्या, जसं दळणाला किती वेळ लागेल विचारावं. नंतर बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

जेवणं झाल्यावर अक्का म्हणाल्या, मला कबर दाखव. त्या दिवसानंतर त्या तिथे गेल्याच नव्हत्या. ऊन उतरायची वाट बघून आम्ही तिघं कबरस्तानात गेलो. कुंपण पडलेलं, गवत वाळलेलं, बाभळीचे काटे. दाऊदभाऊ पुढे. एका मातीच्या उंचवट्यापाशी थांबले. अक्का म्हणाल्या, ही नाही, ती तिकडे, झाडापासच्या रांगेत. दाऊदभाऊ म्हणाले, मी माती दिली, मला माहीत नाही? अक्का म्हणाल्या, मी तो ढीग पाहिलाय, तो झाडाजवळ होता. दाऊदभाऊ म्हणाले, ते झाड तेव्हा नव्हतंच. लाकडी क्रूस वाळवीने कधीच खाल्लेला, दगड कोणी बसवला नव्हता. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. दोघं एकमेकांना वेडा, येडी म्हणत इकडून तिकडे फिरली. अक्का गुडघ्यावर हात टेकत टेकत. शेवटी दोघंही दमली आणि दोन्ही उंचवट्यांच्या मधे जमिनीवरच बसली. भांडण चालूच होतं.

मी गाडीची वेळ झाली म्हणून सांगायला जवळ गेले. अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. भावाला विचारत होत्या, उद्या पहिला रविवार, तुमच्याकडे उपासना किती वाजता?

"नऊ वाजता शे," दाऊदभाऊ म्हणाले. "पन तुले उशीर व्हई."

"मंग या टाइमले थांबजो."

दाऊदभाऊ मान खाली घालून काट्यांशी खेळत राहिले. मग हो म्हणाले. मी अक्कांना विचारलं, येताय ना? त्यांनी कमरेची किल्ली काढून मला दिली, कोंबड्यांना दाणे टाक म्हणाल्या आणि परत भावाकडे वळून झाडाचं सांगू लागल्या. मी फाटकातून वळून पाहिलं तेव्हा त्या काडीने जमिनीवर रांगा आखून दाखवत होत्या. त्या मग भावाकडेच राहिल्या आणि यंदा फेब्रुवारीत तिथेच गेल्या; मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

रात्री धुळ्याला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून अक्कांच्या घरी गेले, कोंबड्यांना दाणे-पाणी केलं आणि त्यांच्यासाठी पिशवी भरायला बसले. चाळीसगावच्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरला हे ओळखत होते, त्याच्या हाती पाठवायची होती. किती दिवसांचे कपडे लागतील ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मी सगळेच भरले.